लंडनमधील स्थलदर्शन

लंडनमधील स्थलदर्शन : युनायटेड किंग्डमच्या राजधानीतील किल्ला, राजवाडे, चर्च, पूल, संग्रहालये व स्मारके पाहत केलेली भटकंती. युरोपच्या सामूहिक सहलींत लंडनच्या वाट्याला बहुधा दोन दिवस येतात आणि त्यातला बराच वेळ बसच्या खिडकीतून बाहेर पाहण्यात जातो. हे शहर खिडकीतून कळत नाही. त्याची मूळ रचना ध्यानात आली, तर मुख्य स्थळांपैकी निम्मी तरी पायी होतात.

लंडनच्या पोटात दोन जुनी शहरे आहेत. पूर्वेकडची ‘सिटी ऑफ लंडन’ रोमनांनी इ.स. पहिल्या शतकात वसवलेल्या लोंडिनियमच्या जागेवर उभी आहे. तिचे क्षेत्रफळ जेमतेम २.९ चौ. किमी. व्यापार, पेढ्या, विमा हा तिचा पिढीजात धंदा. तिथून अडीच-तीन किलोमीटर पश्चिमेला वेस्टमिन्स्टर. अकराव्या शतकात एडवर्ड द कन्फेसर या राजाने तिथे चर्च आणि राजवाडा बांधला व राजसत्ता तिकडे गेली. पैसा पूर्वेला, सत्ता पश्चिमेला आणि दोघांना जोडणारी टेम्स नदी. सेंट पॉल्स कॅथीड्रल व ‘मॉन्युमेंट’ हा स्मारकस्तंभ सिटीत येतात, टॉवर ऑफ लंडन तिच्या पूर्व वेशीवर. संसद, वेस्टमिन्स्टर अॅबी हे चर्च आणि बकिंगहॅम राजवाडा वेस्टमिन्स्टरमध्ये. एक दिवस एका शहराला द्यावा, हा साधा हिशेब.

पॅरिससारखे लांबरुंद सरळ रस्ते आणि त्यांच्या टोकाला भव्य वास्तू असे इथे फारसे दिसत नाही. सप्टेंबर १६६६ च्या महाआगीत सिटीचा बहुतेक भाग जळाला, तेव्हा क्रिस्टोफर रेन या वास्तुरचनाकाराने नव्या, प्रशस्त शहराचा आराखडा राजासमोर ठेवला होता. पण घरमालकांना आपापली जागा जिथल्या तिथे हवी होती. आराखडा बारगळला आणि शहर जुन्याच गल्लीबोळांवर पुन्हा उभे राहिले. म्हणून आजही सेंट पॉल्सचा घुमट एखाद्या बोळाच्या तोंडाशी अचानक सामोरा येतो.

टॉवर आणि त्याचा पूल

टॉवर ऑफ लंडन हा खरे तर तटबंदी आणि अनेक बुरुजांचा किल्ला. १०६६ मध्ये इंग्लंड जिंकणाऱ्या विल्यमने लंडनकरांवर जरब बसवण्यासाठी त्याचा मधला ‘व्हाइट टॉवर’ १०७८ च्या सुमारास बांधायला घेतला. पुढे हा किल्ला राजवाडा झाला, तुरुंग झाला, शस्त्रागार आणि टांकसाळही झाला. तेराव्या शतकापासून सुमारे सहाशे वर्षे इथे राजाचा प्राणिसंग्रहही होता. नॉर्वेच्या राजाने भेट दिलेल्या पांढऱ्या अस्वलाला साखळी बांधून टेम्समध्ये मासे पकडायला सोडत. आठव्या हेन्रीची दुसरी राणी अॅन बोलीन हिचा शिरच्छेद १५३६ मध्ये याच आवारात झाला. १९८८ पासून टॉवर जागतिक वारसा यादीत आहे.

इथले पहारेकरी, ‘योमन वॉर्डर’ किंवा लोकांच्या तोंडी ‘बीफईटर’, हे लष्करात किमान २२ वर्षे काढलेले निवृत्त सैनिक असतात आणि कुटुंबासह किल्ल्यातच राहतात. त्यांनी घडवलेली फेरी तिकिटातच येते. खून, कट आणि फाशीच्या कथा ते इतक्या मिस्कीलपणे सांगतात की ध्वनिफितीचे यंत्र भाड्याने घेण्यापेक्षा त्यांच्यामागे जाणे केव्हाही चांगले. किल्ल्यात किमान सहा डोमकावळे पाळलेले असतात. ते उडून गेले तर राज्य बुडेल, ही समजूत दुसऱ्या चार्ल्सच्या काळातली म्हणून सांगितली जाते. तिचा एकोणिसाव्या शतकाआधीचा पुरावा मात्र मिळत नाही. दर रात्री ९ वाजून ५३ मिनिटांनी किल्ला बंद करण्याचा विधी होतो. त्याची वेगळी तिकिटे फार आधीच संपतात.

भारतीय पर्यटकांची गर्दी असते ती रत्नागारात. मुकुटांच्या काचेसमोरून सरकता पट्टा पुढे नेतो, त्यामुळे कोहिनूर जेमतेम काही क्षण दिसतो. पुन्हा मागे येऊन पट्ट्यावर उभे राहायला हरकत नसते. १८४९ मध्ये पंजाब खालसा झाल्यावर दहा वर्षांच्या महाराजा दुलीपसिंगाकडून तहान्वये हा हिरा घेतला गेला. १८५२ मध्ये त्याला नव्याने पैलू पाडले, तेव्हा तो १८६ कॅरटवरून १०५.६ कॅरटवर आला. सध्या तो १९३७ साली घडवलेल्या राणीच्या मुकुटात आहे. २०२३ च्या राज्यारोहणात राणी कमिला यांनी तो मुकुट टाळला आणि कोहिनूर नसलेला दुसरा घातला.

शेजारचा टॉवर ब्रिज दिसतो मध्ययुगीन, पण त्याचे वय टॉवरपुढे काहीच नाही. १८८६ ते १८९४ या काळात बांधलेला हा पोलादी पूल. शेजारच्या किल्ल्याला शोभावा म्हणून त्याला दगडी कवच चढवले. मोठ्या नौका आल्या की मधले दोन पंख वर उचलले जातात. आधी हे काम वाफेच्या जोरावर, पाण्याच्या दाबाने चाले. १९७६ मध्ये तेल आणि वीज आली. पूल वर्षाला सुमारे ८०० वेळा उघडतो व त्याचे वेळापत्रक आधी जाहीर होते. डिसेंबर १९५२ मध्ये ७८ क्रमांकाची डबलडेकर बस पुलावर असतानाच पंख उचलायला सुरुवात झाली. चालकाने वेग वाढवून बस सरळ पलीकडच्या पंखावर उडवली आणि वाचवली.

टॉवर ब्रिजलाच लंडन ब्रिज समजून छायाचित्रे काढणारे रोज शेकड्यांनी भेटतात. खरा लंडन ब्रिज पश्चिमेला आहे आणि दिसायला अगदी सपाट, १९७३ साली खुला झालेला. त्याच्या आधीचा १८३१ चा दगडी पूल १९६८ मध्ये विकला गेला. त्याचे दगड सुटे करून अमेरिकेत नेले आणि अॅरिझोना राज्यातील लेक हवासू सिटी येथे पूल पुन्हा उभा केला.

सेंट पॉल्स आणि जपलेली दृश्ये

महाआगीनंतर रेनने पन्नासहून अधिक चर्च नव्याने उभारली. त्यांतले सर्वांत मोठे म्हणजे सेंट पॉल्स कॅथीड्रल (१६७५–१७१०). त्याची उंची १११ मीटर. बाहेरून दिसणारा घुमट आणि आतून दिसणारा घुमट हे वेगवेगळे आहेत. दोहोंच्या मध्ये विटांचा एक शंकू लपलेला आहे आणि शिखरावरच्या सुमारे ८५० टनांच्या दगडी मेघडंबरीचा भार तोच पेलतो. बाहेरचा घुमट म्हणजे लाकडी सांगाड्यावर शिशाचा पत्रा. तळघरात रेनची साधी कबर आहे. ‘स्मारक शोधत असाल, तर सभोवार पाहा’ अशा अर्थाचा लॅटिन लेख तिच्यावरच्या भिंतीत आहे. नौसेनापती नेल्सन आणि वॉटर्लूला नेपोलियनचा पराभव करणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन यांच्या कबरीही इथेच. वर जायला ५२८ पायऱ्या आहेत. गुडघ्यांचा विचार करून निर्णय घ्यावा.

हा घुमट दुरून दिसत राहावा म्हणून शहराने पाळलेले नियम मला घुमटाइतकेच पाहण्याजोगे वाटतात. ठरावीक जागांवरून सेंट पॉल्सकडे जाणाऱ्या दृष्टिरेषेत उंच इमारत बांधता येत नाही. अशी एक रेषा रिचमंड पार्कमधल्या टेकाडावरून, १६ किलोमीटरवरून निघते. लेडनहॉल स्ट्रीटवरचा एक मनोरा वर तिरपा होत गेला आहे तो वास्तुरचनाकाराची लहर म्हणून नव्हे. फ्लीट स्ट्रीटवरून घुमटामागचे आकाश मोकळे दिसावे म्हणून. लेडनहॉल स्ट्रीटवरच लॉइड्स या विमा बाजाराची, नळ आणि लिफ्ट बाहेर काढून ठेवलेली १९८६ ची इमारत आहे. ती ज्या जागेवर आहे तिथे १८६१ पर्यंत ईस्ट इंडिया कंपनीच्या मुख्य कार्यालयाची इमारत होती. अर्ध्या हिंदुस्थानचा कारभार जिथून चालला, तिथे पर्यटकांची बस थांबतसुद्धा नाही.

आगीची आठवण म्हणून उभारलेला ‘मॉन्युमेंट’ हा ३११ पायऱ्यांचा स्तंभ २०२ फूट उंच आहे. पुडिंग लेनमधल्या ज्या भट्टीतून आग पसरली, ती स्तंभापासून तितक्याच अंतरावर होती.

वेस्टमिन्स्टर

जुना राजवाडा १८३४ च्या आगीत जळाल्यावर चार्ल्स बॅरी व ऑगस्टस प्युजिन यांनी आजचे संसद भवन घडवले. त्याचा ९६ मीटर उंचीचा घड्याळाचा मनोरा २०१२ पासून एलिझाबेथ टॉवर म्हणून ओळखला जातो. बिग बेन ही आतली मोठी घंटा, वजन १३.७ टन. ती १८५९ च्या जुलैत वाजू लागली आणि सप्टेंबरात तिला तडा गेला. चारेक वर्षांनी तिला थोडे फिरवून, हलका हातोडा बसवून पुन्हा वाजती केली. तडा अजून तसाच आहे आणि तिच्या किंचित फाटक्या नादाचे कारणही तेच. घड्याळाची वेळ जुळवण्यासाठी लंबकावर जुनी पेनीची नाणी ठेवतात. एक नाणे वाढवले की घड्याळ दिवसाला ०.४ सेकंद पुढे जाते.

समोरच्या पार्लमेंट स्क्वेअरमध्ये २०१५ पासून महात्मा गांधींचा पुतळा आहे. त्याच चौकात चर्चिलही उभे आहेत. गांधींना ‘अर्धनग्न फकीर’ म्हणणाऱ्याला हा शेजार रुचला नसता. वेस्टमिन्स्टर अॅबीत १०६६ पासून राजांचे राज्याभिषेक होत आले आहेत. न्यूटन, डार्विन आणि स्टीफन हॉकिंग तिथेच विसावले आहेत. बकिंगहॅम राजवाडा बाहेरून पाहिला तर निराशा होण्याची शक्यता जास्त. १८३७ मध्ये राणी व्हिक्टोरिया तिथे राहायला आली, तोवर तो राजाचे अधिकृत निवासस्थान नव्हता. १९९२ मध्ये विंझर किल्ल्याला आग लागली. दुरुस्तीच्या खर्चासाठी १९९३ पासून राजवाड्यातील दालने उन्हाळ्यात तिकीट लावून उघडली जाऊ लागली. पहारा बदलण्याचा सोहळा ठरावीक दिवशी सकाळी अकराच्या सुमारास होतो, पण गर्दीत टोप्याच दिसतात.

ट्रॅफल्गर चौकात नेल्सनच्या स्तंभाखाली दोन सेनानींचे पुतळे आहेत, ज्यांच्याकडे कोणी वळून पाहत नाही. सिंध घेणारा चार्ल्स नेपियर हा एक. दुसरा हेन्री हॅवलॉक, ज्याने जुलै १८५७ मध्ये कानपूरजवळ नानासाहेब पेशव्यांच्या फौजेचा पराभव केला. हाइड पार्कच्या कोपऱ्यावरचे अॅप्सली हाउस हे वेलिंग्टनचे घर. आज जालना जिल्ह्यात असलेल्या असईच्या लढाईत २३ सप्टेंबर १८०३ रोजी त्याने शिंदे-भोसल्यांच्या सैन्याला हरवले होते. दख्खनमधल्या सहकारी अधिकाऱ्यांनी त्याला दिलेली सोन्याचा मुलामा असलेली चांदीची भांडी तिथे मांडलेली आहेत. वॉटर्लूच्या तुलनेत असईची आठवण तिथे अशी ताटवाट्यांपुरतीच.

फुकट ते पौष्टिक

टॉवर, अॅबी, सेंट पॉल्स यांची तिकिटे महाग आहेत. उलट राष्ट्रीय संग्रहालयांचा कायमस्वरूपी संग्रह २००१ पासून सर्वांना विनामूल्य आहे. ब्रिटिश म्युझियम (स्थापना १७५३) तर जवळजवळ सुरुवातीपासूनच. रोझेटा शिला, ग्रीसने परत मागितलेली पार्थेनॉनची शिल्पे आणि अमरावतीच्या स्तूपाचे शिल्पपट एकाच छपराखाली आहेत. ही अमरावती आंध्रातली, विदर्भातली नव्हे.

व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये टिपू सुलतानाचा यांत्रिक वाघ आहे. मराठी माणूस तिथे वाघनखे शोधत जातो, पण ती २०२४ च्या जुलैत तीन वर्षांच्या मुदतीवर महाराष्ट्रात पाठवण्यात आली आणि आधी साताऱ्यात मांडली गेली. ती साताऱ्याचा रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ याला देण्यात आली होती असे पेटीवरच्या लेखात म्हटले आहे. अफजलखानाच्या वेळची तीच, याची खात्री देता येत नाही असे संग्रहालयाचेच म्हणणे आहे.

मादाम तुसाँचे मेणाचे पुतळे आणि १३५ मीटर उंचीचा ‘लंडन आय’ पाळणा हे दोन्ही सहलीच्या कार्यक्रमात हमखास असतात. पाळण्याला ३२ पेट्या आहेत, तरी क्रमांक ३३ पर्यंत जातात, कारण १३ गाळला आहे. मुले बरोबर असतील तर ठीक. एरवी उंचावरून शहर पाहायला प्रिमरोज हिल पुरे, आणि तिथे तिकीट नाही.

या टेकडीपासून काही मिनिटांवर, १० किंग हेन्रीज रोड या घरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये राहत होते. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधला अभ्यास आणि ग्रेज इनमधली बॅरिस्टरी त्याच काळातली. २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने ते घर विकत घेऊन स्मारक केले. लोकमान्य टिळक चिरोल या ब्रिटिश पत्रकारावरच्या बदनामीच्या खटल्यासाठी १९१८-१९ मध्ये लंडनला आले, तेव्हाचे त्यांचे घर मेडा व्हेल भागात हाउली प्लेसवर आहे. हायगेटमध्ये ६५ क्रॉमवेल अॅव्हेन्यू हे श्यामजी कृष्ण वर्मांचे १९०५ चे ‘इंडिया हाउस’. सावरकर तिथे राहत. या दोन्ही घरांवर निळ्या गोल पाट्या आहेत. घरे खाजगी असल्याने पाटी फुटपाथवरूनच वाचायची. १९३२ मध्ये स्थापन झालेले महाराष्ट्र मंडळ डॉलिस हिलला आहे.

ग्रिनिचला शक्यतो नदीतून बोटीने जावे. १६७५ च्या वेधशाळेच्या अंगणात शून्य रेखावृत्ताची पट्टी आहे आणि तिच्यावर दोन पाय ठेवून उभे राहायला रांग लागते. हातातला मोबाइल मात्र तिथे शून्य रेखांश दाखवत नाही; उपग्रह वापरतात ते शून्य रेखावृत्त १०२ मीटर पूर्वेला, बागेतून जाते. छतावरचा लाल गोळा १८३३ पासून दुपारी एक वाजता खाली येतो. नदीतली जहाजे त्यावर घड्याळे लावीत.

प्रवास आणि वेळा

भुयारी रेल्वे (१८६३) जगातली पहिली. तिचा प्रसिद्ध नकाशा अंतरे दाखवत नाही : लेस्टर स्क्वेअर ते कॉव्हेंट गार्डन हे अंतर तीनशे मीटरही नाही, तरी लोक जिने उतरून गाडी पकडतात. सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभे राहायचे, डावी बाजू घाईवाल्यांची. बसमध्ये २०१४ पासून रोख पैसे चालत नाहीत. कार्ड टेकवले की झाले, आणि पहिल्यांदा टेकवल्यापासून तासाभरात बदललेल्या बसना जादा भाडे पडत नाही. ट्रॅफल्गर चौकातून निघणारी १५ क्रमांकाची बस सेंट पॉल्सवरून टॉवरपर्यंत जाते, म्हणजे दोन्ही शहरे एका भाड्यात. जूनमध्ये रात्री सव्वानऊपर्यंत उजेड असतो, डिसेंबरात चारच्या आत सूर्य मावळतो; हिवाळ्यात बाहेरची स्थळे सकाळी उरकावीत. युरोपच्या शेंगेन व्हिसावर इथे प्रवेश नाही, ब्रिटनचा व्हिसा वेगळा काढावा लागतो. रविवारी अॅबी आणि सेंट पॉल्स पर्यटकांना बंद असतात, प्रार्थनेला येणाऱ्यांना खुले. संध्याकाळच्या गायनप्रार्थनेला कोणत्याही धर्माच्या माणसाला विनामूल्य बसता येते. कॅमेरा तेवढा पिशवीत ठेवावा लागतो.