सैन्यामागच्या बायका, राखेचं पाणी आणि शिवणीतल्या उवा

नोव्हेंबर १७७७. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात साराटोगाला हरून शरण आलेलं ब्रिटिश सैन्य कैदी होऊन अमेरिकेतल्या केंब्रिज गावातून चाललंय आणि हॅना विन्थ्रॉप नावाची बाई बघत उभी आहे. नंतर मैत्रिणीला लिहिलेल्या पत्रात तिने सैन्यामागून आलेल्या बायकांचं वर्णन केलंय. पाठीवर भल्यामोठ्या टोपल्या, ओझ्याने पार वाकलेल्या, भांड्याकुंड्यांतून डोकावणारी पोरं, त्यातली काही तर वाटेतच जन्मलेली, पाय अनवाणी आणि अंगावर मळक्या चिंध्या. वास इतका सुटला होता की त्या तंबाखू ओढत नसत्या तर मला रोगाची बाधा होईल अशी भीती वाटली असती, असं ती लिहिते. तेव्हा घाण वास म्हणजेच रोग, आणि धूर केला की तो टळतो, अशी शिकल्यासवरलेल्यांचीही पक्की समजूत होती. ती साफ चुकीची होती. रोग वासात नव्हता, कपड्यात होता.

सैन्यामागच्या बायका म्हटलं की लोकांच्या डोक्यात लगेच वेश्याच येतात, याचा मला खरंच राग येतो. बहुतेक जणी सैनिकांच्या बायका होत्या, कपडे धुणाऱ्या, शिवणाऱ्या, जखमींची सेवा करणाऱ्या. नेपोलियनच्या काळात ब्रिटिश तुकडी परदेशी निघाली की साधारण १०० सैनिकांमागे ६ बायकांनाच परवानगी मिळायची आणि कुणी जायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरायचं, मग ज्यांची चिठ्ठी निघाली नाही त्या धक्क्यावर रडत मागे राहायच्या. सोबत गेलेल्या बाईला अर्धं रेशन, पोराला पाव. धुण्याचे पैसे सैनिक आपल्या पगारातून द्यायचे.

आता कपडे. अठराव्या शतकातल्या अशा बाईच्या अंगाला लागून गुडघ्याखाली जाणारा लिननचा सैल झगा असायचा, वर कमरेपर्यंत ताठ चोळी, लोकरीचे एकदोन परकर, आखूड जाकीट, गळ्याभोवती रुमाल, पुढे एप्रन, डोक्याला टोपी, आणि खिसा तर परकराला शिवलेला नसायचाच, तो वेगळा नाडीने कमरेला बांधायचा. थोडक्यात, आत लिनन आणि बाहेर लोकर. सैनिकाचंही तेच, आत लिननचा सदरा आणि वर लोकरीचा कोट. सगळी गोम इथेच आहे.

लिनन जवसाच्या खोडापासून बनतं, म्हणजे सेल्युलोज, वनस्पतींच्या तंतूंतला मुख्य घटक. लोकर म्हणजे केराटिन, आपल्या केसांतलं प्रोटीन. लाकडाची राख पाण्यात भिजवून गाळली की पोटॅशियम कार्बोनेटचं अल्कलीयुक्त, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचं, पाणी मिळतं (राख 'नैसर्गिक' म्हणून केमिकल नाही असं समजणाऱ्यांनी हे पाणी डोळ्याच्या जवळपासही नेऊ नये). अंगाचा तेलकट मळ अल्कलीत सुटतो आणि सेल्युलोजला त्याने फारसं काही होत नाही, त्यामुळे लिननचा झगा राखेच्या पाण्यात खुशाल उकळा. केराटिनच्या साखळ्या मात्र एकमेकींना गंधकाच्या जोड्यांनी, म्हणजे डायसल्फाइड बंधांनी, धरून असतात आणि गरम अल्कली नेमके तेच बंध तोडतो. कापडाच्या लॅबमध्ये लोकर ओळखायची एक टेस्टच आहे, ५ टक्के कॉस्टिक सोड्यात उकळायची, काही मिनिटांत ती चक्क विरघळून जाते. नुसत्या साबणाच्या गरम पाण्यातही धोका आहेच, कारण लोकरीच्या तंतूवर कौलांसारखे खवले असतात, सगळे टोकाच्या दिशेने झुकलेले, म्हणून तंतू एका दिशेने सहज सरकतो आणि उलट्या दिशेने अडतो. गरम ओल्या लोकरीला चोळलं की प्रत्येक तंतू मुळाच्या दिशेने थोडा थोडा सरकत जातो, मागे फिरू शकत नाही, सगळे एकमेकांत रुततात आणि कोट आटून नमदा, म्हणजे घट्ट जाड गोळा, होतो. म्हणून लोकरीला झटकायचं, ब्रश मारायचा, उन्हात टाकायचं, पण उकळायचं नाही.

आणि अंगावरची ऊ त्वचेवर राहतच नाही, ती राहते कपड्याच्या शिवणीत! लिखाही तिथेच धाग्याला चिकटवते, दिवसातून काही वेळा रक्त प्यायला अंगावर येते आणि परत शिवणीत जाते. साधारण ५४ अंशांच्या पुढे गरम पाण्यात काही मिनिटं ठेवलं की ऊ आणि लिखा दोन्ही मरतात. म्हणजे सवड, सरपण आणि हंडा मिळाला तर धोबीण सदरा ऊमुक्त करायची, पण कोटाच्या शिवणीतल्या उवा तशाच, आणि धुतलेला सदरा त्याच कोटाखाली जायचा.

टायफस हा तापाचा जीवघेणा साथीचा रोग (टायफॉइड वेगळा) या उवांमधूनच पसरतो. जंतू उवेच्या विष्ठेत असतात, माणूस खाजवतो आणि ते जखमेत जातात. ताप चढला की उवेला ते अंग सोसत नाही, मग ती शेजाऱ्याकडे जाते. लिथुआनियातल्या विल्नियसला २००१ मध्ये नेपोलियनच्या १८१२ च्या रशियावरील स्वारीतल्या सैन्याची सामूहिक कबर सापडली, तिथल्या मातीत उवांचे तुकडे मिळाले आणि काही सैनिकांच्या दातांत टायफसच्या जंतूचा डीएनए.

टायफस पसरतो कसा, हे कोडं सुटलं उत्तर आफ्रिकेतल्या ट्युनिसमध्ये. टायफसचे रोगी दवाखान्याच्या दारापर्यंत रोग पसरवत यायचे, पण आंघोळ घालून कपडे बदलले की वॉर्डातल्या कुणालाच तो लागायचा नाही, हे शार्ल निकोल या फ्रेंच डॉक्टरच्या लक्षात आलं. आजारी पडायचे ते रोग्यांचे उतरवलेले कपडे घेणारे आणि धुणारे. १९०९ मध्ये त्याने ऊ दोषी ठरवली, १९२८ चं नोबेल त्यालाच मिळालं. सैन्यातल्या धोबिणीच्या हातात तर असे कपडे रोजच यायचे, आणि यायचे ते उकळायच्या आधी.