गुणवत्ता मंडळ

गुणवत्ता मंडळ : एकाच विभागात, सहसा एकाच पर्यवेक्षकाच्या हाताखाली काम करणाऱ्या पाच ते दहा कामगारांचा स्वेच्छेने बनलेला लहान गट. हा गट ठरावीक वेळी, बहुधा आठवड्यातून तासभर, एकत्र बसतो. आपल्याच कामातील एखादी अडचण निवडतो, आकडे जमवून तिचे कारण शोधतो, उपाय करून पाहतो आणि जे हाती लागले ते व्यवस्थापनापुढे मांडतो. नाशिकच्या सातपूर-अंबड या औद्योगिक पट्ट्यात त्याला नुसते ‘सर्कल’ म्हणतात. ‘क्यूसी’ हे नाव तेथे तपासणी विभागाने आधीच घेतलेले आहे (‘क्यूसीने माल अडवला’ म्हणजे तपासनिसाने अडवला), त्यामुळे ‘क्यूसी सर्कल’ या मूळ जपानी जोडनावाचा पहिला अर्धा भाग बोलण्यातून गळाला. तपासणी विभाग झालेली चूक पकडतो. ती का झाली, हे विचारणे मंडळाचे काम. प्रत्यक्षात ही सीमा पुसट होते.

उगम : मंडळाचा जन्म १९६२ मध्ये जपानात झाला, असे सामान्यतः मानतात व त्याचे श्रेय टोकियो विद्यापीठातील काओरू इशिकावा (१९१५–८९) यांना देतात. जपानी शास्त्रज्ञ व अभियंते संघाने (स्थापना १९४६) एप्रिल १९६२ मध्ये ‘गेंबा तो क्यूसी’, म्हणजे ‘कामाची जागा आणि गुणवत्ता नियंत्रण’, हे नियतकालिक काढले. इशिकावा त्याच्या संपादनाची धुरा सांभाळत होते. मुकादम आणि कामगार यांना एकट्याने वाचण्याची सवय नाही, वाचायला घेतले तरी ते टिकत नाही. तेव्हा त्यांनी अंक गटाने वाचावा आणि वाचलेले आपल्या यंत्रावर लावून पाहावे, अशी ही कल्पना होती. अंक कामगाराला स्वतःच्या पैशाने घेता यावा म्हणून किंमतही कमी ठेवली होती. मे १९६२ मध्ये जपानच्या दूरध्वनी व तार महामंडळातील मात्सुयामा येथील गटाने संघाकडे पहिले नाव नोंदवले.

याहून जुनी मुळे शोधणारे पक्ष तीन. पहिला पक्ष अमेरिकी वंशावळ मांडतो : गुणवत्ता नियंत्रणाचे अमेरिकी जाणकार डब्ल्यू. एडवर्ड्‌स डेमिंग यांनी १९५० मध्ये आणि जोसेफ जुरान यांनी १९५४ मध्ये जपानात दिलेली व्याख्याने हे बीज, मंडळ हे त्याचे फळ. दुसरा पक्ष दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत मुकादमांसाठी आखलेल्या आणि युद्धोत्तर काळात जपानात नेलेल्या प्रशिक्षणक्रमाकडे बोट दाखवतो. तिसरा मुख्यतः समाजशास्त्रज्ञांचा. युद्धानंतरच्या तीव्र संपांनंतर कामगारांना कारखान्याशी बांधून घेण्याची जी गरज जपानी व्यवस्थापनाला भासली, तिच्यातून मंडळे निघाली, असे तो म्हणतो.

पहिल्या पक्षात एक अडचण आहे. डेमिंग व जुरान यांचा श्रोता अभियंता आणि व्यवस्थापक होता, कामगार नव्हे. स्वतः जुरान यांनी १९६६ मध्ये स्टॉकहोमच्या परिषदेत मंडळांची ओळख पाश्चात्त्यांना करून दिली, तीही जपानी नवलाई म्हणूनच. दुसऱ्या बाजूला, संघाने १९५६ पासून मुकादमांसाठी रेडिओवरून गुणवत्ता नियंत्रणाचे पाठ चालवले होते आणि १९६० मध्ये त्यांच्यासाठी पाठ्यपुस्तक काढले होते. १९६२ चे नियतकालिक याच मालिकेतील पुढची पायरी दिसते. म्हणून मंडळ हे मुळात वाचकगट होते, असे मानणे पुराव्याला अधिक धरून आहे. तिसऱ्या पक्षाचे म्हणणे मंडळे इतक्या झपाट्याने का पसरली याचे उत्तर देते. ती कशी सुरू झाली, याचे देत नाही. १९७० मध्ये संघाने मंडळांची मूलतत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत कारखान्याचा विकास, माणसाचा मान राखणारी कामाची जागा आणि माणसातील सुप्त गुणांना वाव या तीन गोष्टी आहेत. खर्चातील बचत हा शब्द त्यांत मध्यवर्ती नाही.

कार्यकारण-आकृतीच्या उगमाविषयीही असेच मतभेद आहेत. अडचणीची संभाव्य कारणे काट्यांसारखी मांडणारी, माशाच्या सांगाड्यासारखी दिसणारी, म्हणून कारखान्यांत ‘फिशबोन’ म्हटली जाणारी ही आकृती इशिकावांनी १९४३ मध्ये कावासाकी कंपनीच्या पोलाद कारखान्यातील अभियंत्यांना समजावताना काढली, असे एक मत. पुष्कळ पाठ्यपुस्तके ती १९६० च्या दशकातील समजतात. पहिली तारीख आकृतीच्या जन्माची व दुसरी प्रसाराची मानली तर विरोध बराचसा मिटतो.

‘योजना–कृती–तपासणी–सुधारणा’ या चक्राला, ज्याला नाशिकचे कामगार ‘पीडीसीए’ म्हणतात, सर्रास ‘डेमिंग चक्र’ म्हणतात. अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ वॉल्टर शूहार्ट यांनी १९३९ मध्ये विनिर्देश, उत्पादन आणि तपासणी या तीन पायऱ्या सरळ रेषेऐवजी वर्तुळात मांडल्या; डेमिंग यांनी १९५० मध्ये त्यांवर आधारित चार पायऱ्यांचे चक्र जपानात शिकवले; आजचे रूप मात्र जपानी श्रोत्यांनी दिले, असे दिसते. डेमिंग यांनी उतारवयात ‘तपासणी’ऐवजी ‘अभ्यास’ या शब्दाचा आग्रह धरला आणि प्रचलित रूप आपले नव्हे असे सांगितले. तक्रार शब्दाची वाटते, पण तपासणीत उत्तर होय किंवा नाही एवढेच येते. अभ्यासात ‘का’ येते.

साधने : मंडळाला सात साधने शिकवतात : तपासणी-तक्ता, आयतालेख, पारेतो आलेख, कार्यकारण-आकृती, विकीर्ण आलेख, स्तरीकरण आणि नियंत्रण-आलेख. पहिली सहा थोड्या सरावाने येतात. सातव्यात मात्र मंडळे वारंवार अडखळतात, म्हणून त्याचा विस्तार येथे केला आहे.

नियंत्रण-आलेखाची मूळ कल्पना शूहार्ट यांनी १६ मे १९२४ च्या एका छोट्या टिपणात मांडली. कोणत्याही प्रक्रियेत थोडी घटबढ असतेच. तीपैकी अंगभूत किती आणि बाहेरून शिरलेली किती, हे वेगळे करणे हा त्याचा हेतू. उदाहरणासाठी कल्पित आकडे घेऊ. लेथवर २५.००० मिमी. बाह्य व्यासाचा शाफ्ट होतो, सहनमर्यादा (ग्राहकाला चालणारा कमीजास्तपणा) ±०.०२० मिमी. कामगार दर तासाला सलग पाच नग मोजून त्यांची सरासरी आणि विस्तार (सर्वांत मोठा वजा सर्वांत लहान) लिहितो. पंचवीस तासांनंतर सरासऱ्यांची सरासरी २५.००४ आणि विस्तारांची सरासरी ०.०१२ आली. पाच नगांच्या नमुन्यासाठीचा गुणक ०.५७७ आहे, ०.५७७ × ०.०१२ म्हणजे सुमारे ०.००७. तेव्हा सरासरीच्या आलेखाच्या मर्यादा २४.९९७ आणि २५.०११. विस्ताराची वरची मर्यादा २.११४ × ०.०१२, म्हणजे सुमारे ०.०२५, खालची शून्य. मर्यादा सरासरीपासून तीन प्रमाण-विचलनांवर (प्रमाण-विचलन म्हणजे घटबढीचे माप) असतात. वितरण सामान्य असेल तर प्रक्रिया ठीक असतानाही दहा हजारांत सुमारे २७ बिंदू बाहेर पडतात. एवढ्या खोट्या घंटा शूहार्ट यांनी परवडण्याजोग्या मानल्या. प्रमाण-विचलनाऐवजी विस्तार वापरण्याचे कारण अगदी व्यवहारी होते : वजाबाकी यंत्राशेजारी उभ्या उभ्या करता येते, वर्गमूळ नाही.

येथे दोन चुका नेहमी होतात. पहिली म्हणजे सरासरीच्या आलेखावर ग्राहकाची सहनमर्यादा (२४.९८० व २५.०२०) आखणे. सरासऱ्या एकेकट्या नगांपेक्षा कमी हलतात, त्यामुळे असा आलेख जवळजवळ नेहमी निर्धास्त दिसतो. दुसरी म्हणजे ‘नियंत्रणात’ याचा अर्थ ‘चांगली’ असा घेणे. वरील उदाहरणात एकेकट्या नगांचे प्रमाण-विचलन ०.०१२ ÷ २.३२६ (हा पाच नगांच्या नमुन्यासाठीचा ठरलेला भाजक), सुमारे ०.००५२. सहनपट्टा ०.०४० भागिले सहा प्रमाण-विचलने म्हणजे क्षमता १.२९. पण सरासरी मध्यापासून ४ मायक्रॉन सरकलेली आहे. जवळच्या मर्यादेपर्यंतचे ०.०१६ हे अंतर तीन प्रमाण-विचलनांनी भागले तर क्षमता १.०३ वर येते. वाहनउद्योगातील खरेदीदार साधारणपणे किमान १.३३ मागतात. म्हणजे एकही बिंदू मर्यादेबाहेर नसताना माल नाकारला जाऊ शकतो. हत्यार झिजले की बाह्य व्यास वाढत जातो, म्हणून सरासरी वर सरकणे स्वाभाविक आहे. ऑफसेट (यंत्रावर हत्यारासाठी दिलेली स्थान-दुरुस्ती) बदलून सरासरी ४ मायक्रॉनने खाली आणली तर क्षमता १.२९ पर्यंत जाईल. त्यापुढे मात्र यंत्राला किंवा पकडीला हात घालावा लागेल. हे यंत्रावरच्या माणसाला बहुधा आधीच ठाऊक असते. आलेख त्याच्या ठाऊक असण्याला पुरावा पुरवतो.

भारतातील प्रसार : संख्याशास्त्रीय गुणवत्ता नियंत्रण भारतात जपानइतकेच लवकर आले होते. भारतीय सांख्यिकी संस्थेचे संस्थापक प्र. चं. महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून शूहार्ट १९४७-४८ मध्ये भारतात येऊन गेले आणि या संस्थेने १९५० च्या दशकात मुंबईसह मोठ्या औद्योगिक शहरांत यासाठी विभाग काढले. पण हे ज्ञान अभियंत्यांपाशी थांबले. मुकादमांचे रेडिओपाठ आपल्याकडे झाले नाहीत, हा फरक लहान नाही. पहिली मंडळे १९८० मध्ये भारत हेवी इलेक्ट्रिकल्सच्या हैदराबादजवळील रामचंद्रपुरम कारखान्यात एस. आर. उडपा यांच्या पुढाकाराने निघाली. १९८२ मध्ये क्वालिटी सर्कल फोरम ऑफ इंडिया स्थापन झाला. त्याच्या स्पर्धांमुळे मंडळे देशभर पोचली. अमेरिकेत १९७४ च्या सुमारास लॉकहीड या विमान कंपनीत सुरू झालेली लाट १९८० च्या दशकाच्या मध्यापासून ओसरू लागली.

नाशिक : नाशिक परिसरात गुणवत्तेच्या तीन वेगळ्या परंपरा शेजारी शेजारी नांदतात आणि मंडळ त्यांपैकी मुख्यतः एकीत रुजले. नाशिकरोडच्या मुद्रणालयांत (प्रतिभूती मुद्रणालय १९२५, चलनपत्र मुद्रणालय १९२८) प्रत्येक कागदाचा हिशेब लागतो; तेथे नमुना काढून समाधान मानता येत नाही. ओझरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्याची सुरुवात १९६४ मध्ये परवान्याखाली मिग-२१ बनवण्यासाठी झाली. विमानाच्या भागाला कागदोपत्री जन्मकुंडली लागते आणि सुधारणासुद्धा मंजुरीवाचून करता येत नाही. तिसरी सातपूर-अंबडची. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्ये, म्हणजे योगायोगाने मात्सुयामाच्याच वर्षी, स्थापन झाले. पुढे सातपूर आणि मागाहून अंबड येथे वाहने, टायर, इंधन-अंतःक्षेपण, विद्युत स्विचगिअर यांचे मोठे कारखाने आणि त्यांना सुटे भाग पुरवणारे शेकडो लहान पुरवठादार उभे राहिले. एकच भाग हजारोंनी करायचा असल्याने नमुना, आलेख आणि मंडळ यांना येथे वाव मिळाला. महिंद्राला २००३ मध्ये मिळालेले डेमिंग पारितोषिक (गुणवत्तेसाठीचा जपानी पुरस्कार) ट्रॅक्टर विभागाचे होते. सातपूरचा कारखाना वाहन विभागाचा आहे, दोहोंची गल्लत करू नये.

येथील मंडळांना ‘प्रगती’, ‘जिद्द’ अशा धर्तीची नावे असतात. बोलणे मराठीत, शब्द मात्र रिजेक्शन, रिवर्क, व्हाय-व्हाय (‘का’ पुन्हा पुन्हा विचारणे), पोका-योके (चूक होऊच न देणारी योजना) असे मिश्र. सादरीकरणाची तालीम नाटकासारखी होते आणि स्पर्धेचा हंगाम आला की तिला कामापेक्षा जास्त वेळ जातो, अशी कुरकूर ऐकू येते. स्पर्धेसाठी आधी उपाय ठरवून मग मागे जाऊन फिशबोन भरणे हा त्याचा ठळक दोष. सांगाड्याचे सगळे काटे सारख्याच लांबीचे भरलेले दिसले की परीक्षकाने सावध व्हावे.

पुरवठादारांच्या शेडमध्ये चित्र वेगळे आहे. पंधरा-वीस माणसे, त्यांत बरीच ठेकेदाराची, तीन पाळ्या. तेथे पाच जणांचा गट एकत्र बसवायचा म्हणजे यंत्रे थांबवावी लागतात. ग्राहकाचे लेखापरीक्षण आले की मंडळाची वही भरली जाते. काही ठिकाणी पाळी बदलताना यंत्राशेजारी दहा मिनिटे उभ्याने बोलण्याची पद्धत आहे. मूलतत्त्वांप्रमाणे तिला मंडळ म्हणता येत नाही, पण रात्रपाळीचा माणूस हत्यार कधी बदलले ते पहिल्या पाळीला तेथेच सांगतो.

इतर पद्धतींशी संबंध : मंडळ हे चालू, पुनरावृत्त कामासाठी असते. मुदतीत संपणाऱ्या एकदाच्या कामासाठी गँट आलेख, निर्णायक मार्ग पद्धती (१९५७) आणि पर्ट (१९५८) ही साधने वेगळी आहेत. मोटोरोलाने १९८६ च्या सुमारास आणलेल्या सिक्स सिग्मा या दोष घटवण्याच्या पद्धतीत साधने बरीचशी तीच, पण गट वरून नेमलेला आणि विषय वरून दिलेला असतो. आयएसओ ९००० मानके (प्रथम १९८७) मंडळ सक्तीचे करत नाहीत.