स्नायुक्षय व सांध्यांची झीज, जराजन्य

उतारवयात स्नायूंचे वस्तुमान व ताकद घटणे (सार्कोपेनिया) आणि सांध्यातील कूर्चा (हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत आवरण) विरून हाडांना कंगोरे फुटणे (ऑस्टिओआर्थ्रायटिस) ह्या दोन अवस्थांमधील संबंध. तो मुख्यतः गुडघ्याच्या बाबतीत अभ्यासला गेला आहे. गोव्यात कोकणीतली ‘दिंबी’ काय किंवा मराठीतला ‘गुडघा’, ‘ढोपर’ काय, दुखू लागले की दोष ‘वाता’ला दिला जातो, मांडी सुकली आहे हे सहसा कोणी पाहत नाही.

‘सार्कोपेनिया’ हे नाव ग्रीक ‘सार्क्स’ (मांस) व ‘पेनिया’ (उणीव) यांवरून अर्विन रोझेनबर्ग यांनी सुचवले. वर्ष बहुधा १९८९ दिले जाते. सूचना मात्र १९८८ च्या एका बैठकीतली आहे. सुश्रुतसंहितेत (सूत्रस्थान, अध्याय १५) मांसक्षयाच्या लक्षणांत कुल्ले, मांड्या, पोटऱ्या, मान सुकणे सांगितले आहे. चरकाच्या यादीत (सूत्रस्थान, अध्याय १७) कुल्ले, मान व पोट एवढेच येते. संधिगत वाताचे वर्णन चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात स्वतंत्रपणे आहे: सूज हवा भरलेल्या पखालीसारखी लागते, सांधा पसरताना-आखडताना दुखतो. दोन्ही वर्णने जोडून आजचा सिद्धांत प्राचीनांच्या पदरी घालण्याचा मोह होतो. तो आवरावा, मांसक्षय तेथे केवळ म्हातारपणाशी बांधलेला नाही.

आधी स्नायू की आधी सांधा, हा खरा वाद. सांध्याकडून स्नायूकडे जाणारी वाट निर्विवाद आहे. गुडघ्यात पाणी झाले की मज्जारज्जूतील प्रतिक्षिप्त क्रियेने मांडीचा पुढचा क्वाड्रिसेप्स स्नायू दबतो. प्रयोगांत त्याच्या आतल्या भागासाठी २० ते ३० मिलिलिटर द्रवही पुरला, बाहेरच्या भागासाठी ५० ते ६० लागला. उलट दिशेचा पुरावा १९९७ साली स्लेमेंडा व सहकाऱ्यांनी पुढे आणला. क्ष-किरणात झीज दिसते पण दुखत नाही अशांचाही क्वाड्रिसेप्स दुबळा आढळला, म्हणजे दुखण्यामुळे वापर कमी झाला एवढ्यावर भागत नाही. परंतु २००३ च्या एका अमेरिकी अभ्यासात वाकड्या वा सैल गुडघ्यांत जास्त ताकदीबरोबर झीज वेगाने वाढलेली दिसली. पुढील संशोधनाचे एकंदर वजन मात्र दुबळ्या क्वाड्रिसेप्समुळे धोका वाढतो ह्या बाजूला पडते. स्नायूंच्या वस्तुमानाबाबत निष्कर्ष डळमळीत आहेत, कारण उत्तर भागाकारावर ठरते: स्थूल व्यक्तीत मांसही जास्त असते, म्हणून उंचीच्या वर्गाने भागल्यास उणीव लपते आणि वजनाने भागल्यास उघडी पडते. वस्तुमानापेक्षा ताकद मोजणे म्हणूनच अधिक भरवशाचे वाटते.

आशियाई तज्ज्ञगटाच्या २०१९ च्या निकषांनुसार हाताची पकड पुरुषांत २८ व स्त्रियांत १८ किलोग्रॅमपेक्षा कमी असणे म्हणजे ताकद उणी. खुर्चीवरून पाच वेळा उठायला १२ सेकंद वा अधिक लागणे आणि चाल सेकंदाला १ मीटरहून मंद असणे ही शारीरिक क्षमता घटल्याची लक्षणे. शेवटच्या दोन कसोट्या दुखऱ्या गुडघ्याने मुळातच बिघडतात (आणि बोटांचे सांधे धरले असतील तर पहिलीही).

गोव्यात २०११ च्या जनगणनेनुसार साठीपुढील लोक सुमारे ११ टक्के होते, देशात ८.६ टक्के. आदोळीवर (खवणीच्या विळीवर) बसून नारळ खवणे, वाकून भातलावणी करणे ह्या सवयींनी गुडघ्यावर ताण येतो, पण मांडीला व्यायामही होतो. बैठक सुटली की दोन्ही थांबतात. बांगड्याच्या १०० ग्रॅम मांसात साधारण २० ग्रॅम प्रथिने असतात. दात गेल्यावर रात्री पेज व लोणच्यावर भागवणाऱ्याला, किंवा श्रावणात शिवराक (शाकाहारी) जेवताना मूग-चवळीही न घेणाऱ्याला, प्रथिनांची तूट जाणवते. वृद्धांसाठी दर किलो वजनामागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिने असावीत, अशी २०१३ ची तज्ज्ञ शिफारस आहे. मूत्रपिंडाचा विकार असल्यास वैद्याला विचारून.

उपचारांत भार वाढवत नेणारा मांडीचा व्यायाम पहिला. ‘झीज’ ह्या शब्दाची अडचण इथे येते: झिजलेली वस्तू जपून वापरावी, असे समजून रुग्ण चालणेच सोडतात. कृत्रिम सांधा बसवल्यावरही ताकद आपोआप परतत नाही. पहिल्या महिन्यात ती आणखी उतरते.