समेवर काहीच नाही

भांडी बाजारात मी घागर कानानं निवडली. पेरानं टिचकी मारायची, नाद विरेपर्यंत ऐकायचं, की पुढची घागर. पाचव्या टिचकीनंतर दुकानदारांनी विचारलं, "ताई, पाणी भरायलाच हवीय ना?" म्हटलं, "नाही, वाजवायला." मग त्यांनीच आतून एक जुनी, जाड पितळी घागर काढून दिली.

आमच्याकडे सात मुलं येतात. ढोल, ताशा, झांज, टोल यांवर दोन-तीन वर्षांत हात बसलाय, पण मिरवणुकीचा ठेका सोडून दुसरं काही वाजवा म्हटलं की बावरतात. नाशिक ढोल म्हणजे दणदणाट, हे समीकरण त्यांच्याही डोक्यात पक्कं. मला त्यांच्यासाठी चार मिनिटांची गमतीची रचना बांधायची होती. ती ऐकून लोकांनी नाचू नये, हसावं. शब्द नाहीत, सूर जवळजवळ नाहीत, मग हसवायचं कशानं?

ऐकणाऱ्याच्या अंदाजानं. मेट्रोनोमच्या टकटकीबरोबर बोट आपटायला सांगितलं, तर बहुतेक माणसं ठोक्याच्या २० ते ६० मिलिसेकंद आधीच आपटतात आणि त्यांना ते कळतही नाही. ठोका ऐकून हात हलवला असता तर उशीर झाला असता. म्हणजे मेंदू ठोक्याची वाट बघत नाही, तो पुढे जाऊन उभा असतो. ही खोड जन्मजात असावी. २००९ साली हंगेरीतल्या संशोधकांनी दोन-तीन दिवसांच्या झोपलेल्या बाळांना तालाचा तुकडा ऐकवला आणि मधूनच पहिला, महत्त्वाचा ठोका गाळला. बाळं झोपलेलीच, पण मेंदूच्या विद्युत आलेखात 'इथं काहीतरी राहिलं' अशी नोंद उमटली.

आपल्याकडे या खोडीवर उभी असलेली तिहाई आहेच : एकच तुकडा तीनदा वाजवून शेवटचा वार समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, आणायचा. तीनतालात समेपासून पाच मात्रांचा तुकडा घ्या, एक मात्रा थांबा, असं तीनदा करा. पाच त्रिक पंधरा आणि मधल्या दोन, एकूण १७. म्हणजे सोळा मात्रांचं आवर्तन संपून शेवटचा वार बरोबर पुढच्या समेवर. दुसऱ्या फेरीलाच श्रोत्यांच्या माना तयार होतात. आमच्या रचनेत मुलं तिसरा तुकडा जोशात वाजवतात, समेवर सगळ्यांचे हात हवेत थांबतात आणि काहीच वाजत नाही. अर्धा सेकंद शांतता. मग सर्वांत लहान मुलगा झांजेची एकच बारीक 'टिंग' करतो.

वर्गात यावर हशा पिकला. गोदाघाटावर पहिल्यांदा वाजवलं तेव्हा कुणी हसलंच नाही. मुलं म्हणाली, लोकांना कळलं नाही. दोष लोकांचा नव्हता, माझा होता. छान दिसेल म्हणून मी मुलांना पायऱ्यांवर लांबवर पसरवलं होतं. पहिल्या ताशापासून शेवटचा ढोल २४ मीटरवर. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. म्हणजे ताशा ढोलवाल्याला ७० मिलिसेकंद उशिरा ऐकू आला, त्यानं त्याच्याशी जुळवून वाजवलं, आणि तो ढोल ताशाजवळ बसलेल्या लोकांपर्यंत यायला आणखी ७०. एकूण १४०. लय मिनिटाला १२० मात्रांची, समेआधीचा शेवटचा वार चौगुणीतला (एका मात्रेत चार वार), म्हणजे समेच्या १२५ मिलिसेकंद आधीचा. तो १४० नं मागे पडला आणि नेमका रिकाम्या समेत येऊन बसला. आम्ही जी जागा मोकळी ठेवली होती, ती हवेनं भरून टाकली! पुढच्या वेळी सगळे चार मीटरच्या आत, घोड्याच्या नालासारखे बसलो, आणि कानाऐवजी ताशावाल्या मुलीच्या हाताकडे बघायचं ठरलं. प्रकाशाला उशीर होत नाही.

घागरीचा विनोद वेगळा. एक मुलगी रिकाम्या घागरीच्या अंगावर लाकडी दांडी मारते, दुसरी तोंडावर तळहात थापते, तिसरा मुलगा तांब्यानं पाणी ओतत राहतो. पाणी चढेल तसा अंगाचा आवाज खाली उतरतो, जलतरंगासारखा. कारण धातूला आता स्वतःबरोबर पाणीही हलवावं लागतं. तोंडाचा 'घुम्म' मात्र वर चढत जातो. तिथं कंप पावते ती हवा : गळ्यातली हवा म्हणजे वजन आणि पोटातली हवा म्हणजे स्प्रिंग. पाण्यानं पोट भरलं की हवा कमी उरते, स्प्रिंग ताठ होते. एकच घागर, एकच पाणी, आणि दोन आवाज जिन्यावर उलट्या दिशांनी निघालेले. दोघींना आपापली लय सांभाळणं इथं खरंच कठीण जातं, कारण त्या स्वतःच हसतात.

शेवट स्टीलच्या थाळीचा. सगळे थांबतात, एक जण थाळी कडेवर उभी धरून शहाबादी फरशीवर गरकन फिरवतो. स्वयंपाकघरात हा आवाज सगळ्यांनी ऐकलाय : टण… टण… टणटण, ट्रर्रर्र, आणि एकदम शांत. थाळी जसजशी आडवी होते तशी जमिनीला टेकणारी कड जास्त वेगानं गोल पळते. कल एक चतुर्थांश झाला की वेग दुप्पट. पण थाळीवर कोरलेलं नाव बघा. आवाज धावत असतो आणि नाव सावकाश, जवळजवळ आळसावून फिरत असतं. २००० साली केंब्रिजचे गणितज्ञ मोफट यांनी हिशेब मांडला की अखेरच्या क्षणी खाली अडकलेली हवा थाळीची ऊर्जा खाते. त्याच वर्षी इतरांनी निर्वातात असंच फिरवून पाहिलं, तर वेळ फारसा बदलला नाही. मुख्य चोर घरंगळण्यातलं घर्षण निघालं.

थाळी थांबली की ढोलाचा एकच वार, असं ठरलेलं. कधी थांबणार हे कुणालाच माहीत नसतं, म्हणून सगळे पुढे वाकून ऐकतात. मागच्या कार्यक्रमात पहिल्या रांगेतल्या एक आजी उठल्या, "अरे, जेवायची थाळी अशी भिरकावतात का?" म्हणत फिरती थाळी उचलली, पदरानं पुसली आणि मांडीवर घेऊन बसल्या. ढोलवाला माझ्याकडे बघत राहिला. मी मान हलवली, त्यानं वार केला.

हशा तिथं सर्वांत मोठा झाला.