गोळीने त्रास झाला तर केस कुणावर? कायदा इथवर कसा आला

डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्यांनी किडनीला त्रास झाला, अंगभर फोड आले, आता केस कुणावर करायची, असं विचारत माणूस वकिलाकडे गेला की पहिला उलट प्रश्न येतो, डॉक्टरचं काही चुकलं होतं का? चुकलं असेल तर मार्ग आहे. पण डॉक्टर बरोबर, डोस बरोबर, औषधही अस्सल आणि तरी माणूस आडवा झाला, तर घोडं अडतं. हे असं का, त्यासाठी जरा मागे जावं लागतं.

आपला औषध कायदा १९४० चा, म्हणजे इंग्रजांच्या काळातला. त्याचा सगळा रोख भेसळ आणि बनावट मालावर. इन्स्पेक्टर सॅम्पल घेणार, खटला भरणार, दोषी ठरला त्याला दंड-तुरुंग. पेशंटच्या हातात त्यातून काही पडत नव्हतं. २००८ च्या दुरुस्तीने वसूल झालेला दंड पेशंटला द्यायची सोय आली खरी, पण तीही भेसळ किंवा बनावट औषधापुरतीच. सरकार एखादं औषध बंद करू शकतं, वेदनाशामक रोफेकॉक्सिब २००४ मध्ये तसंच बंद झालं, पण बंदीच्या आदेशात भरपाई नसते. त्याच औषधासाठी अमेरिकेत मर्क कंपनीने २००७ मध्ये ४८५ कोटी डॉलरची तडजोड केली, ती हजारो पेशंट कोर्टात गेले म्हणून.

महाराष्ट्रात हा विषय पेटला तो १९८६ मध्ये. मुंबईच्या जेजे हॉस्पिटलमध्ये ग्लिसरॉल दिलेले १४ पेशंट दगावले, त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन निघालं. न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग बसला, एफडीएची (म्हणजे राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाची) आणि हॉस्पिटलच्या औषधखरेदीची लक्तरं चव्हाट्यावर आली, आरोग्यमंत्री भाई सावंतांना खुर्ची सोडावी लागली. पण हेही प्रकरण भेसळीचंच. चांगल्या औषधाच्या साइड इफेक्टचं काय, हा प्रश्न तेव्हाही बाजूलाच राहिला.

त्याच वर्षी डिसेंबरात ग्राहक संरक्षण कायदा आला. पुण्यात बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये ग्राहक पंचायत सुरू केली होती, तेव्हापासून इकडे त्यासाठी आवाज उठत होताच. पेशंट ग्राहक आहे की नाही यावर मात्र डॉक्टर मंडळी सुप्रीम कोर्टापर्यंत भांडली आणि १९९५ च्या व्ही. पी. शांता निकालात हरली. पैसे घेऊन केलेले उपचार म्हणजे सेवा, असं कोर्टाने सांगितलं. सगळ्यांनाच फुकट उपचार देणारी सरकारी हॉस्पिटलं तेवढी त्यातून बाहेर राहिली, म्हणजे ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याचा हाही दरवाजा बंद, हे मला आजही पटत नाही.

या वाटेने किती लांब जाता येतं ते साहा केसमध्ये दिसलं. १९९८ मध्ये अमेरिकेहून कोलकात्याला आलेल्या अनुराधा साहा यांच्या अंगावर पुरळ उठलं, आणि डेपो-मेड्रॉल हे स्टेरॉइडचं इंजेक्शन ८० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा असं लिहून दिलं गेलं. हे शरीरात बरेच दिवस टिकणारं इंजेक्शन, एकदा दिलं की आठवडा-दोन आठवडे पुढचं द्यायचं नसतं. पुढे कातडी सोलून निघणारा टीईएन हा आजार निघाला, विमानाने मुंबईला ब्रीच कँडीत आणलं पण त्या वाचल्या नाहीत. त्यांचे पती कुणाल साहा स्वतः डॉक्टर, ते लढत राहिले, राष्ट्रीय ग्राहक आयोगात २००६ मध्ये हरले, सुप्रीम कोर्टात २००९ मध्ये जिंकले आणि २०१३ मध्ये ५ कोटी ९६ लाख अधिक व्याज असा आकडा ठरला. पंधरा वर्षं! आणि पैसे कुणी भरायचे, तर हॉस्पिटल आणि डॉक्टरांनी, कारण सिद्ध झालं होतं ते डोसचं चुकणं.

कंपनीला थेट धरायची सोय आली ती २०१९ च्या नव्या ग्राहक कायद्यात, जो जुलै २०२० पासून लागू आहे. माल सदोष असेल किंवा धोक्याची पुरेशी सूचना दिली नसेल तर बनवणारा जबाबदार. वाचून बरं वाटतं. मग कलम ८७ येतं. जी वस्तू तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच वापरायची असते, तिच्या बाबतीत कंपनीने तज्ज्ञाला रीतसर सूचना दिली असेल तर सूचना न दिल्याचा ठपका तिच्यावर येत नाही. प्रिस्क्रिप्शनची गोळी यात सहज बसवता येते. डॉक्टरला सांगितलं होतं, असं कंपनीने म्हटलं की विषय संपला. आणि आपल्यापर्यंत काय पोचतं? खोक्यात घडी घातलेला एक पातळ कागद असतो, मुंगीएवढी इंग्रजी अक्षरं, पण केमिस्ट स्ट्रिप कापून चार गोळ्या देतो तेव्हा तो कागद खोक्यातच राहतो, आणि बिल मागितलं नाही तर बॅच नंबरही हाती येत नाही, मग ग्राहक आयोगापुढे ठेवायचं काय. तक्रार करायची मुदतही दोनच वर्षं.

दुसरीकडे असं नाही. जपानमध्ये जुलाबावरच्या क्लिओक्विनॉलने हजारो लोकांच्या नसा गेल्या, १९७० मध्ये ते बंद झालं, कोर्टकज्जे झाले आणि त्यातून दहा वर्षांत कंपन्यांच्या पैशावर चालणारा मदतनिधी उभा राहिला, तिथे कुणाची चूक सिद्ध करावी लागत नाही. गरोदर बायकांनी घेतलेल्या थॅलिडोमाइड या गोळीने मुलं व्यंग घेऊन जन्मली, त्यानंतर जर्मनीने कायदाच बदलला.

आपल्याकडे चूक न शोधता भरपाई मिळते ती औषधाच्या चाचणीत भाग घेतला असेल तर, २०१३ पासून तसा नियम आहे. तीच गोळी बाजारात आली की तो नियम तिला लागू नाही. साइड इफेक्ट कळवायला २०१० पासून राष्ट्रीय कार्यक्रम आहे, १८००-१८०-३०२४ या नंबरवर पेशंटही कळवू शकतो, ती नोंद या कार्यक्रमाच्या गाझियाबादच्या केंद्राकडे जाते. तिथून औषधाच्या कागदावर एखादी नवी सूचना वाढू शकते, पैसे मात्र तिथून मिळत नाहीत.