मापाचा कप की वजनकाटा?

आहारतक्त्यात ‘एक वाटी’ लिहिलेलं असतं. कुठली वाटी? आमटीची, श्रीखंडाची की नैवेद्याची? तक्ता देणाऱ्याच्या डोळ्यासमोर १५० किंवा २०० मिलिलिटरची वाटी असते, आपल्या मांडणीत पाच आकारांच्या. मग वजन उतरवायचं मनावर घेतलेली मंडळी मापाच्या कपांचा संच आणतात आणि आता सगळं मोजूनमापून चाललंय असं समजतात. पण कप जागा मोजतो, वजन नाही.

हा घोळ आपल्याला नवा नाही. धान्य मापायचा मापी शेर वेगळा, वजनाचा शेर वेगळा, नाव मात्र एकच. १९५८पासून टप्प्याटप्प्याने किलो-लिटर आले, तरी भाजीवाल्याकडे ‘पावशेर’ अजून चालतोच.

२४० मिलिलिटरचा कप घ्या. पाण्याने भरला तर २४० ग्रॅम. साखर साधारण २००, शेंगदाणे दीडशेच्या आसपास, चाळून भुरभुरवलेली कणीक जेमतेम १२०. तीच कणीक डब्यात कप खुपसून दाबून काढली की दीडशेकडे जाते. म्हणजे एका पोळीची कणीक नकळत वाढली! पातळ पोह्यांचं तर विचारूच नका, कपात निम्मी हवाच असते.

काकडी, कोशिंबीर, पालेभाजी यांत चूक झाली तरी बिघडत नाही. माझ्या मते त्या मोजणं हा निव्वळ उद्योग. खरी चूक शेंगदाण्यांत होते. १०० ग्रॅम शेंगदाण्यांत साडेपाचशेहून जास्त कॅलरी असतात. येता-जाता तोंडात टाकलेली मूठ तीस-चाळीस ग्रॅमची सहज निघते. दाण्याचं कूट, सुकं खोबरं, चीज, काजू, फरसाण या सगळ्यांना काटाच हवा.

तेल मधेच अडकतं. ते पातळ असल्यामुळे मापाच्या चमच्याने चांगलं मोजता येतं: मोठा चमचा १५ मिलिलिटर, म्हणजे १४ ग्रॅमला किंचित कमी, सुमारे १२० कॅलरी. फोडणीच्या पळीला मात्र कसलंच प्रमाण नाही. त्याहून सोपं म्हणजे तेलाची बाटलीच काट्यावर ठेवायची, शून्याचं बटण दाबायचं, कढईत तेल ओतून बाटली परत ठेवायची. काटा उणे १२ दाखवेल, तेवढे ग्रॅम तेल गेलं. चमचा तेलकट होत नाही हा वरचा फायदा. काट्यावर मिलिलिटरचं बटण असलं तरी तेलासाठी ते दाबू नका; बहुतेक काटे पाणीच धरून हिशोब करतात, आणि तेल पाण्याहून हलकं.

भाताच्या बाबतीत काटा असूनही लोक फसतात. १०० ग्रॅम कोरड्या तांदळाचा शिजून अडीचशे-तीनशे ग्रॅम भात होतो, पाणी किती घातलं त्यावर. कॅलरी वाढत नाहीत, वजन वाढतं. तेव्हा कच्च्याचा आकडा कच्च्याला आणि शिजल्याचा शिजल्याला. घरात चौघांचा भात एकत्र लागत असेल, तर रिकाम्या पातेल्याचं वजन एकदा करून झाकणावर लिहून ठेवावं. भातासकट वजनातून ते वजा केलं की आपल्या वाढपाचा हिस्सा काढता येतो.

कप-चमचे निकामी नाहीत. इडलीला डाळ-तांदळाचं प्रमाण, उपम्याला पाणी, दूध, ताक यांना तेच बरे. मीठ-हळदीलाही चमचाच, कारण एक-दोन ग्रॅम हळूहळू टाकले तर स्वयंपाकघरातला साधा काटा ते टिपतोच असं नाही.

एकच वस्तू घ्यायची तर मी ५ किलोपर्यंतचा, एकेक ग्रॅम दाखवणारा काटा घेईन. आला की पहिल्यांदा घरातली रोजची वाटी त्यावर ठेवून शून्य करा आणि काठोकाठ पाणी भरा. जितके ग्रॅम, तितक्या मिलिलिटरची तुमची वाटी. मग तक्त्यातली ‘एक वाटी’ पुन्हा वाचा.