ताणली, तुटली की उपटली?

तान्ह्या बाळाचं डोकं हातावर धरून किंचित मागे सोडलं की ते दचकून दोन्ही हात फाकवतं. एखादं बाळ मात्र एकच हात उचलतं. दुसरा अंगालगत लुळा: कोपर सरळ, तळवा मागे वळलेला, जणू पाठीमागे कुणाकडून गुपचूप काही घ्यायचंय.

प्रसूतीत डोकं बाहेर आल्यावर खांदा अडकला, तर मान आणि खांद्यामधल्या नसा ताणल्या जातात. (शिरेलाही आपण नसच म्हणतो, इथे मज्जातंतू.) मानेतून निघणाऱ्या पाच मुळांचं हे जाळं म्हणजे ब्रॅकियल प्लेक्सस. हजारात साधारण एक-दोन बाळांना अशी इजा होते आणि बहुतेकांचा हात आपोआप सुधारतो.

खरा पेच उरलेल्यांचा. मधेच तुटलेली नस दुसरीकडची नस जोडून सांधता येते. पण मूळच मज्जारज्जूतून उपटलं असेल, तर सांधायला टोकच उरत नाही; शेजारची चालू नस तिकडे वळवावी लागते. बाहेरून मात्र नस तुटलेला हात आणि मूळ उपटलेला हात सारखेच लुळे.

एक्स-रेमध्ये नस दिसत नाही. तरी तो काढतात, कारण गळपट्टीचं हाड मोडलेलं बाळही दुखतं म्हणून हात हलवत नाही. मुळं पाहण्यासाठी पूर्वी कमरेतून मणक्यात औषध सोडून सीटी स्कॅन करत. त्यात भूल आली, किरणोत्सर्गही आला. एमआरआयमध्ये मज्जारज्जूभोवतीचं पाणी आपसूक पांढरंशुभ्र दिसतं आणि त्यात मुळांचे धागे काळ्या सुतासारखे. एका बाजूला धागा आहे, दुसऱ्या बाजूला नाही आणि तिथे पाण्याची पिशवी बाहेर आलीय, म्हणजे मूळ उपटल्याचा दाट संशय. नुसत्या पिशवीवर मात्र भिस्त ठेवू नये; कधी पिशवी असूनही मूळ शाबूत असतं. धागेच मोजावे लागतात.

बाळ हललं की चित्र फिसकटतं. लहान बाळाला पोटभर पाजून, कान झाकून, घट्ट गुंडाळून झोपेतच यंत्रात सरकवलं, तर पुष्कळदा भुलीशिवाय भागतं.

ही तपासणी सहसा जन्मताच करत नाहीत. सुमारे तीन महिन्यांतही कोपर वाकलं नाही, की शस्त्रक्रियेचा विचार सुरू होतो. नस दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर वाढते आणि स्नायू तिची कायम वाट पाहत नाही. तरीही निव्वळ चित्र पाहून कुणी सुरी उचलत नाही. नऊ महिन्यांच्या बाळाचा दंड अंगाशी धरून हातात बिस्किट देतात आणि मान फारशी न वाकवता ते तोंडापर्यंत जातं का, हे आजही पाहिलं जातं.